बहात्तरचं तळं

पाटोद्यातल्या मास्तर कॉलनीच्या मधोमध एक खोलगट जागा आहे. गृहनिर्माण संस्थेच्या नकाशात तिचं नाव 'मोकळी जागा' असं आहे, पण बोलताना सगळे तिला खड्डाच म्हणतात. खड्ड्याच्या मध्यावर कंबरेइतक्या उंचीचा मातीचा ओटा आहे आणि त्या ओट्यावर एक कडुनिंब. कॉलनीत दारोदारी अशोकाची झाडं लागली आणि वाळली, गुलमोहर विजेच्या तारांपायी छाटले गेले, अंगणांवर फरशा आल्या. हा लिंब मात्र कुणी तांब्याभर पाणी न घालताही वाढत गेला.

त्या लिंबाखाली सिंधुबाई जोगदंड रोज संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांना घेऊन बसत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. नवरा एस.टी.त कंडक्टर होता, तो गेला. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात एकटीच्या चहाला किती वेळ लागणार? म्हणून मुलं. बाईंची पद्धत अशी की वाचन पुस्तकातूनच शिकलं पाहिजे असं काही नाही. टँकरच्या पाठीवरची अक्षरं, बियाण्याची रिकामी पिशवी, लग्नपत्रिका, जे हाताशी येईल ते मुलांनी मोठ्यानं वाचायचं.

दोन हजार सोळा सालच्या एप्रिलातली ती गोष्ट. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. कॉलनीतली सगळी बोअरं आटली होती, फक्त खड्ड्याच्या कडेचं संस्थेचं बोअर दिवसाला अर्धा तास चालायचं. त्या शुक्रवारी बाईंनी मुलांना संस्थेच्या फळ्यावरची नोटीस वाचायला लावली. चेअरमन सुंदररावांची नात ईश्वरी पाचवीत होती. तिनं बोट ठेवून वाचलं :

"रविवारी सकाळी दहा वाजता विशेष सर्वसाधारण सभा. विषय, मोकळ्या जागेत मुरुमाचा भराव टाकून सभागृह बांधणे."

"आता याचा अर्थ सांगा," बाई म्हणाल्या.

"खड्डा बुजवणार," एकजण म्हणाला.

"आणि लिंब?" ईश्वरीनं विचारलं.

"तोडावा लागेल," बाई म्हणाल्या.

मग ईश्वरी ओट्याकडं बघत म्हणाली, "बाई, झाड लावायला एवढा उंच ओटा कुणी बांधला?"

बाईंना असले प्रश्न आवडायचे. त्या नीट मांडी घालून बसल्या. "हा कुणी बांधला नाही. जमीन पूर्वी ओट्याच्या माथ्याइतकी होती. बाकीची खणून काढली, एवढी राहिली."

"एवढीच कशापायी ठेवली?"

"मोजायला. बहात्तर साली मोठा दुष्काळ पडला. शेतात काम नाही, घरात दाणा नाही. तेव्हा सरकारनं लोकांना तळं खणायचं काम दिलं. आता सगळी जमीन खणून टाकली तर किती खणलं हे कसं कळणार? म्हणून मध्ये मध्ये मातीचे असे खांब तसेच सोडायचे. मुकादम त्यांना साक्षी म्हणायचा. साहेब आला की टेप लावून साक्षीची उंची मोजायचा. बाकीचे खांब नंतर काढले, हा राहिला. तेव्हा तो माझ्या डोक्याच्या वर होता. आता गाळ भरलाय."

"तुमी होतात तिथं?"

"होते. अठरा वर्षांची. आई खणायची, मी माती वाहायची."

मुलांना हे एकदम खरं वाटलं नाही. बाईंच्या डोक्यावर मातीची पाटी त्यांना दिसेना. ईश्वरी मात्र आपल्याच विचारात होती.

"म्हंजी हे तळं होतं. मंग पाणी कुठं गेलं? आणि तळ्यात आपली घरं कुणी बांधली?"

चौतीस वर्षं शिकवताना बाईंनी पोरांचा प्रश्न कधी उद्यावर टाकला नव्हता. उत्तर येत नसेल तर 'मला येत नाही, आपण शोधू' असं सांगायचा त्यांचा नेम होता. इथं तर उत्तर येत होतं.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्या पुढच्या खोलीत बसल्या.

तळं खणलं ते पाझर तलाव म्हणून. हे शब्द त्यांनी पहिल्यांदा तिथंच ऐकले होते. दुपारी मजुरांना खायला सुकडी वाटायच्या वेळी ओव्हरसियर बायांच्या घोळक्यासमोर उभा राहून समजावून सांगायचा. मॅट्रिक झालेली ही एकच पोरगी, म्हणून तिच्याकडं बघून बोलायचा. या तळ्यात पाणी साठून राहणार नाही. ते खाली मुरणार, जमिनीच्या पोटातून उताराला जाणार आणि खालच्या विहिरींना फुटणार. तळं कोरडं दिसलं तर समजायचं, काम झालं.

आणि तसं झालंही. तळ्याचा बांध झाला, त्यावर बाभळी उगवल्या. पावसाळ्यात तळं भरायचं आणि दिवाळीला तळ दिसायचा. उताराला भीमनगर होतं, सिंधुबाईंचं माहेर. तिथं छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांनी आपल्या हातानं खणलेली विहीर होती, बावीस पायऱ्यांची. ती पूर्वी संक्रांतीला आटायची. तळं झाल्यावर ऐन मे महिन्यातही बाया पायऱ्या उतरून पाणी भरायच्या. सिंधुबाईंच्या लग्नाचा स्वयंपाक त्याच पाण्यावर झाला होता.

मग गाव वाढलं. बाजाराच्या रस्त्यावरच्या चिंचा रुंदीकरणात गेल्या, वेशीबाहेरचे दोन मळे प्लॉट झाले. मधल्या दुष्काळांत तळं तीन वर्षं भरलंच नाही. लोक तिथं गुरं बांधायला लागले आणि म्हणायला लागले, तळं फुटकं निघालं, सरकारी काम. अठ्ठ्याऐंशी साली शिक्षकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. जागा शोधता शोधता सगळ्यांचं लक्ष तळ्याकडं गेलं. राधाकिशन गुरुजी तेव्हा प्रवर्तक होते. अर्ज लिहायचा होता आणि सगळ्या शिक्षकांत अक्षर सुरेख होतं ते सिंधुबाईंचं.

'सदर तलावात पाणी थांबत नाही. सबब तो निरुपयोगी झाला आहे.'

हे वाक्य लिहिताना पेन एकदा थांबलं होतं, हे त्यांना अजून आठवत होतं. ओव्हरसियरही आठवला होता. पण छत्तीस प्लॉटांच्या यादीत सातव्या नंबरला त्यांचं नाव होतं, नवऱ्याचं नव्हे, त्यांचं. शेजारी देशमुख, पलीकडं मुंडे, समोर शेख. गावात तोवर अशी एकही आळी नव्हती, जिथं जोगदंडांचं घर या सगळ्यांच्या ओळीत उभं राहील. पेन पुढं चाललं. अर्ज मंजूर झाला, जादा पाणी जायचा सांडवा खोल फोडून पाण्याला नाली काढून दिली, बांधाचा रस्ता झाला आणि तळ्याच्या पोटात घरं उभी राहिली. तळाचा सगळ्यात खोल तुकडा तेवढा कुणी घेईना. तो मोकळी जागा म्हणून राहिला.

शनिवारी सकाळी बाईंनी मुलांना लवकर बोलावलं. एक जुनं पत्र्याचं ताट घेतलं, त्यात नदीची वाळू पसरली आणि ताटाची एक बाजू विटेवर टेकवली. उंच भागात बोटानं एक खळगा केला. भाजी धुतलेलं पाणी त्यांनी पेलाभर जपून ठेवलं होतं.

"आता हे तळं. ईश्वरी, ओत. हळू."

पाणी खळग्यात पडलं, क्षणभर चमकलं आणि नाहीसं झालं.

"गेलं," एकजण म्हणाला. "फुटकं हाय तळं."

"थांबा जरा. बघत राहा."

मुलं ताटावर वाकली. बराच वेळ काही झालं नाही. एकाला पाय खाजवायचा होता, त्यानं खाजवून घेतला. मग ताटाच्या खालच्या कडेची वाळू काळपट झाली आणि तिथून पाण्याचा एक थेंब हळूच बाहेर आला, मग दुसरा.

"ते तेच पाणी हाय?" ईश्वरीनं विचारलं.

"तेच."

"मंग तळं फुटकं नव्हतं. ते काम करत होतं."

"हो."

"आणि त्याच्यावर घरं बांधली की खाली पाणी यायचं थांबणार."

बाईंनी मान हलवली. पुढचा प्रश्न ती विचारणार हे त्यांना दिसत होतं. त्याआधीच त्या म्हणाल्या, "घरं कुणी बांधली ते मी उद्याच्या सभेत सांगणार आहे. आधी मोठ्यांना सांगायला पाहिजे, मग तुम्हाला."

दुपारी त्या भीमनगरला गेल्या. आई, छबुबाई, ऐंशीच्या घरात होती आणि सिंधुबाईंच्या धाकट्या भावाकडं, बंकटकडं राहायची. कॉलनीत मुलीकडं यायची ती सणावारी, पुढच्या खोलीत तासभर बसायची आणि निघायची. आज ती दारात बसून रिकाम्या घागरी राखेनं घासत होती. टँकरचं पाणी सकाळीच रांजणात ओतून झालं होतं.

"आलीस का. उन्हाचं कशाला आलीस?"

"माय, एक विचारायचं होतं."

"विचार की. मास्तरीण झालीस म्हणून पोरांनाच विचारतीस व्हय?"

सिंधुबाई उंबऱ्यावर बसल्या. समोरच विहीर होती. कठड्यावर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. आता तिचा तेवढाच उपयोग.

"विहीर पुन्हा आटायला कधी लागली गं?"

छबुबाई घागर घासायची थांबली नाही. "तुमची घरं झाली त्याच्या तिसऱ्या साली. पैल्या साली चौदाव्या पायरीवर पाणी हुतं संक्रांतीला. मंग अठरा. मंग गाळच."

"तुला कळलं होतं कशानं ते?"

"न कळायला काय झालं. तळं खणलं कुनी? त्यो वरशियर रोज कानाशी वरडायचा. तू वर मान करून ऐकायचीस, मी खाली मान घालून ऐकायचे. ऐकायला दोघींलाबी आलं."

गल्लीतून एक बाई गेली, तिनं "काय मास्तरीणबाई, चहा पाजती का न्हाई म्हातारी" असं विचारलं आणि थांबली नाही.

"माय, तो अर्ज मी लिहिला होता. तळं निरुपयोगी आहे म्हणून."

"म्हाईत हाय. राधाकिशन मास्तरानंच सांगितलं हुतं बाजारात. तुमच्या पोरीचं अक्षर बघून तहसीलदार खूश झाला म्हणे. लई अभिमानानं सांगत हुता."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू घर घेतलं असतंस का?"

"नाही."

"म्हणून."

छबुबाईनं शेवटची घागर पालथी घातली आणि पदरानं हात पुसले. "हितं समद्या बायांनी मला बोलून घेतलं. तुझ्या लेकीनं आमचं पाणी नेलं म्हणायच्या. मी म्हणायचे, नेलं तर नेलं, कुनी तरी वर गेलं ना आपलं. नंतर त्याबी इसरल्या. पाणी कुठनं यायचं हेच इसरली मान्सं."

"उद्या सभा आहे. राहिलेला खड्डाही बुजवणार आहेत. मी सगळं सांगणार आहे."

म्हातारीनं तिच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुझं घर जाईल?"

"जाणार नाही बहुतेक. पण लोक बोलायचे बंद होतील."

"व्हऊ दे. तू बोलून घे. पोटात धरून किती दीस ठिवशील." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पर एक कर. रागानं सांगू नगंस. त्या लोकांनीबी घरंच बांधली. चोरी करायला न्हाई आलते."

रविवारी सभेला छत्तीसपैकी एकोणतीस सभासद आले. खुर्च्या लिंबाच्याच सावलीत मांडल्या होत्या, कारण तेवढ्या माणसांना बसायला दुसरी सावली कॉलनीत नव्हती. ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

सुंदरराव उभे राहिले. माणूस सरळ होता. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात नोकरी करून निवृत्त झालेला, हिशेबाला पक्का. ते म्हणाले, "गेल्या साली माझ्या धाकटीचा साखरपुडा रस्त्यात मांडव टाकून केला. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली अडून राहिल्या. कुणाच्या घरी मयत झाली तर बायांना बसायला जागा न्हाई. निधी मंजूर हाय. पावसाळ्याच्या आत भराव पडला न्हाई तर परत जातो. ह्या खड्ड्याचा आजवर कुणाला उपयोग झाला का, सांगा."

"डासांना झाला," कुणीतरी म्हणालं आणि थोडं हसू झालं.

सिंधुबाई उठल्या. हातात काहीच नव्हतं. वर्गात हातात खडू असायचा, म्हणून आज हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"मला विषयावरच बोलायचंय. अठ्ठ्याऐंशी साली ह्या जागेसाठी आपण जो अर्ज केला, तो माझ्या अक्षरात आहे. त्यात दोन वाक्यं आहेत. तलावात पाणी थांबत नाही, हे पहिलं. ते खरं आहे. म्हणून तो निरुपयोगी आहे, हे दुसरं. ते खोटं आहे, आणि लिहिताना मला माहीत होतं."

मग त्यांनी सांगितलं. पाझर तलाव कशाला म्हणतात, पाणी कुठं जातं, भीमनगरच्या विहिरीला किती पायऱ्या आहेत आणि कोणत्या वर्षी पाणी कितव्या पायरीला होतं. चौथीच्या वर्गाला सांगावं तसं, घाई न करता. कॉलनीतलं पहिलं बोअर ऐंशी फुटांवर लागलं होतं आणि शेवटचं चारशेला कोरडं गेलं, हेही सांगितलं. "आता एकच बोअर चालतं, खड्ड्याच्या कडेचं. कॉलनीतलं पाणी मुरायला तेवढीच जागा उरली आहे. बाकी सगळीकडं आपण फरशी केली."

मागच्या रांगेतून एक आवाज आला, "म्हंजी भीमनगरला पाणी न्हाई म्हणून आमी सभागृह बांधायचं न्हाई का?"

सिंधुबाई वळल्या. "भीमनगरला पाणी नाही ते माझ्यामुळं. तुमच्यामुळं नाही. तुम्हाला कुणी पाझर तलाव समजावून सांगितला नव्हता, मला सांगितला होता. मला घर हवं होतं. तुमच्या शेजारी हवं होतं. म्हणून मी लिहिलं."

सुंदररावांनी चष्मा काढून पुसला. "बाई, हे सगळं सभेच्या वहीत येणार न्हाई. उद्या कुणी हा कागद बाहेर काढला तर समद्यांची घरं तळ्यात निघतील."

"तळ्यातच हायेत की," राधाकिशन गुरुजी म्हणाले.

ते आता सत्तरीच्या पुढं होते. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. बसूनच बोलू लागले. "अक्षर बाईंचं, मजकूर माझा. बाई नुसत्या लिहीत हुत्या, मी शेजारी उभा राहून सांगत हुतो. आन ऐका बे, मी तीस वर्षं भूगोल शिकवला. पाझर तलाव म्हंजी काय हे मला कळत नव्हतं असं वाटतं का तुमाला? पाठ होतं. परीक्षेला दोन मार्काचा प्रश्न असायचा."

"मंग तुमी कावून तसं लिवायला लावलं?" सुंदररावांनी विचारलं.

"पंधरा वर्षं झाली हुती मला भाड्याच्या खोलीत. दर पावसाळ्याला भिताडातनं पाणी यायचं. मला तळ्याशी काय देणंघेणं." गुरुजींनी काठी सरळ केली. "बाई एकट्या बोलल्या म्हणून मला लाज वाटली. न्हाईतर मी हात वर करून घरी गेलो असतो, भरावाच्या बाजूनं."

मतं घ्यायची ठरली. भराव नको म्हणणारे सोळा हात वर झाले, हवा म्हणणारे अकरा. दोघांनी हात मांडीखालीच ठेवले. सोळांत किती जण विहिरीसाठी होते आणि किती चालू बोअरसाठी, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. सुंदररावांनी हात दोनदा मोजले. दोन्ही वेळा आकडा तोच आला. ते खाली बसले आणि वहीत लिहू लागले. चेहरा पडला होता. पण आकडा त्यांनी खरा लिहिला.

सभा उठल्यावर सिंधुबाईंनी वही बघायला मागितली. त्यांच्या सगळ्या बोलण्याबद्दल तिथं एकच ओळ होती : 'श्रीमती जोगदंड यांनी जागेची पूर्वपीठिका सांगितली.'

"एवढंच?"

"एवढंच," सुंदरराव म्हणाले. "बाई, मला समद्यांची घरं सांभाळायचीत."

बाईंनी त्यांचं पेन घेतलं, त्या ओळीच्या शेजारी 'तलाव निरुपयोगी नव्हता' एवढे तीन शब्द लिहिले आणि सही केली. सुंदररावांनी ते पाहिलं. वही काखेत घालून नमस्कार न करता निघून गेले. पुढं दोन महिने ते बाईंशी बोलले नाहीत. पण ईश्वरीला संध्याकाळी पाठवायचं त्यांनी बंद केलं नाही.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला बंकटची रिक्षा दारात थांबली. आतून छबुबाई उतरली.

"सण न्हाई, वार न्हाई, कशी आलीस?" सिंधुबाईंनी हात धरत विचारलं.

"मिटिंग कशी झाली बघायला आले. बंकट म्हणला बुजवायचं न्हाई ठरलं."

"हो, तसंच ठरलं. पण माय, एवढ्या खड्ड्यानं विहिरीला पाणी येईल असं नाही. मी तुला खोटं सांगणार नाही. सांडवा पुन्हा बांधून घ्यावा लागेल, घरांच्या पत्र्यांवरचं पाणी तिकडं वळवावं लागेल. तरी किती वर्षं लागतील कुणास ठाऊक."

"लागू देत. आमाला कुठं जायचं हाय."

नेहमीसारखी ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली नाही. भिंतीला हात लावत लावत आत गेली. मधली खोली ओलांडली आणि स्वयंपाकघरात जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. खिडकीतून दूर बालाघाटाचा डोंगर दिसायचा आणि त्यात मधोमध एक खांड, कुणीतरी कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारखी. म्हातारी तिकडं बघत राहिली. मग एक पाऊल डावीकडं सरकली. परत बघितलं.

"हितं," ती म्हणाली.

"काय इथं?"

"हितं माझा तुकडा हुता खणायचा. ती खांड अशी बरूबर नाकासमोर दिसायची. पैल्या दिवशी मुकादमानं रेघ मारून दिली तवाच मी ध्यानात ठिवलं. न्हाईतर दुसऱ्या दिवशी आपला तुकडा सापडायचा कसा."

सिंधुबाई ओट्याला टेकल्या. "इथं? ह्या स्वयंपाकघरात?"

"तुझा पाया खणत हुते तवा मी भाकरी घिऊन आलते की. तवाच बघितलं. म्हणलं, चिठ्ठी टाकून प्लॉट वाटले म्हणत्यात आन हिला बरूबर हाच आला."

"आणि इतकी वर्षं तू इथं आत आली नाहीस."

"आले असते तर बोलून गेले असते," छबुबाई म्हणाली. "माझ्या त्वांडाचा काय भरोसा. आन तुला भाकरी करताना रोज ते आठवलं असतं."

सिंधुबाईंनी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं? एवढं खणलं आणि मीच त्यावर..."

"वाटलं की. कुनाला न्हाई वाटणार. पर मंग म्हणलं, दुसऱ्या कुनाचं घर हितं आलं असतं तर जास्त वाटलं असतं." तिनं पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. "खणत खणत खाली जायचो तशी ती खांड दिसंनाशी व्हायची. शेवटाला तर नुसतं आभाळ दिसायचं वर. तुमी पायाला भर टाकलीत, जमीन वर आली. आता परत दिसती बघ."

ती हळूहळू खाली फरशीवर बसली, पाय लांब केले आणि पाठ भिंतीला टेकवली. तळवा फरशीवर दोनदा थोपटला. "लई कठीण हुतं हितं. निब्बर मुरूम. टिकाव उडायचा. तुझ्या पाट्या कमी भरायच्या आन मुकादम तुला बोलायचा."

"मी भरून न्यायची."

"अर्ध्या न्यायचीस. मीच म्हणायचे त्याला, पोरगी शिकलेली हाय, हळू नेती."

सिंधुबाई हसल्या. गॅसवर चहाचं आधण ठेवायला म्हणून त्यांनी पातेलं हातात घेतलं, पण ते तसंच ओट्यावर ठेवून त्या आईच्या शेजारी खाली बसल्या.